आखूड उभी अँटेना आणि लांब लहरी: कोल्हापुरात पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्यांसाठी

हौशी रेडिओत, म्हणजे छंद म्हणून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवण्यात, नवा आलेला माणूस बहुतेक वेळा व्हीएचएफच्या, म्हणजे खूप आखूड लहरींच्या, हँडसेटपासून सुरुवात करतो. जोतिबाच्या डोंगरावर गेलं की आवाज साफ येतो, खाली शहरात उतरलं की खरखर, हा अनुभव त्याला पहिल्या आठवड्यातच येतो आणि एक समज डोक्यात घट्ट बसते: जेवढं उंच जाल तेवढं लांब पोचाल. मीही हीच समज घेऊन लांब लहरींकडे आलो. १० मीटरची उभी तार, एक कॉइल आणि जमिनीवर टाकायला चार तारा गाडीत भरल्या आणि थेट पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलो. जानेवारीचे कोरडे दिवस होते. पायाखाली जांभा, वर मोकळं आभाळ, आडवं काहीच नाही. संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत बसलो, पण ज्यांना मी ऐकत होतो त्यांच्यातल्या एकालाही माझा सिग्नल पोचला नाही.

पंधरा दिवसांनी तीच तार आणि तीच कॉइल आमच्या मळ्यात, पंचगंगेच्या काठच्या उसाला लागून उभी केली. पठारापेक्षा कितीतरी खाली, चारी बाजूंना ऊस. पहिल्याच रात्री उत्तर आलं.

हा फरक का पडला ते समजून घ्यायला मला बरेच महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत: लांब लहरींची अर्धी अँटेना जमिनीच्या वर असते आणि अर्धी जमिनीत. वरची अर्धी सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्यावरच मेहनत करतात.

लागणारं सामान

- १० मीटरचा बांबू किंवा एकात एक बसणारे पीव्हीसी पाइप, आणि ताण द्यायला नायलॉनची दोरी
- अँटेनेसाठी साधारण ३० मीटर तार. घराच्या वायरिंगची जुनी इन्सुलेटेड तार चालते
- जमिनीतल्या तारांसाठी १६० मीटर तार
- कॉइलसाठी ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी १ मिलिमीटरची इनॅमलची तांब्याची तार
- इन्सुलेटर. रानडुकरांसाठी लावतात त्या झटका मशीनच्या कुंपणाचे प्लॅस्टिकचे इन्सुलेटर उत्तम आणि स्वस्त
- अर्थिंगचा रॉड
- मल्टीमीटर आणि नॅनोव्हीएनए (अँटेनेचा रोध आणि सूर मोजणारं छोटं यंत्र)
- फेराइट रॉड असलेला जुना ट्रान्झिस्टर, आणि साउंड कार्ड असलेला लॅपटॉप
- एक वही

यातलं शेवटचं अजिबात टाळू नका. या विषयात ऋतू, वेळ आणि जमिनीतली ओल यांनी सगळं बदलतं. लिहून ठेवलं नाही तर कालचा आकडा आणि आजचा आकडा वेगळा का, हे कधीच कळणार नाही.

पायरी १: लांबीचा हिशेब मांडा

३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आकाशवाणी सांगलीची मध्यमलहरी फ्रिक्वेन्सी १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण २४० मीटरची. हौशींच्या १६० मीटर बँडवर १.८४ मेगाहर्ट्झ धरा, लहर १६३ मीटर. १३६ किलोहर्ट्झला २,२०० मीटर. आणि तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राची फ्रिक्वेन्सी १८.२ किलोहर्ट्झ, तिथे एक लहर साडेसोळा किलोमीटरची होते. म्हणजे रंकाळ्यापासून निघून पन्हाळ्याच्या तटापर्यंत जवळजवळ एकच लहर.

पुस्तकात उभी अँटेना लहरीच्या पाव लांबीची असते. १.८४ मेगाहर्ट्झला ती ४१ मीटर होईल, १३६ किलोहर्ट्झला ५५० मीटर. एवढी कुणीच उभी करू शकत नाही. स्वीडनमधल्या ग्रिमेटनचं १९२४ चं केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर चालतं. आज ते जागतिक वारसा आहे. त्याचे मनोरे १२७ मीटर उंच आहेत, पण लहरीच्या मानाने ते १३० व्या हिश्श्याहूनही कमी भरतात. तेव्हा आपली अँटेना आखूड आहे याचं दडपण घेऊ नका. या फ्रिक्वेन्सींवर सगळ्यांचीच आखूड असते.

पायरी २: आखूड असल्याने नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या

बहुतेकांना वाटतं की आखूड अँटेनेची लहर लांब जात नाही. तसं नाही. जमिनीवर उभी असलेली आखूड तार आपली ऊर्जा क्षितिजाच्या दिशेने सर्वांत जास्त टाकते आणि सरळ डोक्यावर काहीच टाकत नाही. पाव लहरीची अँटेनाही तेच करते. दोघींच्या या आकारात अर्ध्या डेसिबलचासुद्धा फरक नाही. अँटेनेतून जेवढी शक्ती खरोखर बाहेर पडली, ती पुढे सारखीच प्रवास करते.

अडचण बाहेर पडण्याचीच आहे. अँटेनेच्या तळाशी जो प्रवाह जातो त्याला दोन प्रकारचा रोध भेटतो. एक उत्सर्जन रोध, त्यात खर्च झालेली शक्ती लहर होऊन जाते. दुसरा नुकसानीचा रोध, त्यात खर्च झालेली शक्ती जमीन आणि कॉइल तापवते. पाटातून सोडलेलं पाणी शेवटच्या सरीला पोचायच्या आधी जसं वाटेत मुरतं, तसं हे.

वर काहीही न जोडलेल्या आखूड उभ्या तारेचा उत्सर्जन रोध काढायला उंचीला लहरीच्या लांबीने भागा, त्याचा वर्ग करा आणि ३९५ ने गुणा. १.८४ मेगाहर्ट्झला १० मीटरच्या तारेसाठी हा साधारण १.५ ओहम येतो. जमीन आणि कॉइल मिळून २० ओहम धरले तर १०० वॉटांतले ७ वॉट बाहेर पडतात. तीच तार १३६ किलोहर्ट्झवर चालवली तर उत्सर्जन रोध ०.००८ ओहम होतो. इथे एका ओहमला किती किंमत आहे ते आता दिसेल.

सूत्रात उंचीचा वर्ग आहे. उंची दुप्पट केली की उत्सर्जन रोध चौपट. पण उंची म्हणजे जमिनीपासून तारेच्या टोकापर्यंतची उंची, समुद्रसपाटीपासूनची नाही. मसाई पठाराने मला यात एक मिलिमीटरही दिला नव्हता.

पायरी ३: लहर कशी जाते ते कानांनी ऐका

काहीही बांधायच्या आधी एक आठवडा नुसतं ऐका. साधा ट्रान्झिस्टर पुरे.

दिवसा, दुपारी बारा-एकला मध्यमलहरी लावा. सांगलीचं १२५१ हवेतून मोजलं तर जेमतेम ४० किलोमीटरवर आहे. धारवाडचं ७६५ साधारण १६० किलोमीटरवर. दुपारी जे ऐकू येतं ते जमिनीला धरून आलेलं असतं. लहरीचं विद्युत क्षेत्र उभं असेल तरच ती जमिनीवरून अशी सरकत जाते. आडव्या क्षेत्राला ओली, वाहक जमीन दाबून टाकते. उभ्या अँटेनेचं कारण हेच. फ्रिक्वेन्सी जितकी कमी आणि जमीन जितकी वाहक, तितकी ही भूलहर लांब टिकते. समुद्रावर ती सर्वांत लांब जाते, कारण खारं पाणी चांगल्या शेतजमिनीच्याही शेकडो पट वाहक असतं.

(देशातली मध्यमलहरी केंद्रं एकेक करून कमी होत आहेत, काहींच्या वेळाही बदलल्या आहेत. ठरवलेलं केंद्र मिळालं नाही तर रेडिओला दोष देण्याआधी दुसरं शोधा.)

आता संध्याकाळी साडेसहाला डायल ६१२ वर ठेवून बसा. बेंगळुरू, साडेपाचशे किलोमीटर. दुपारी तिथे फक्त खरखर होती. सूर्य मावळतो तसा त्या खरखरीतून हळूहळू कन्नड आवाज वर यायला लागतो आणि दिवेलागणीनंतर शब्द कळायला लागतात. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर वातावरणाचा जो विद्युतभारित थर आहे त्याला डी थर म्हणतात. दिवसा तो मध्यमलहरी गिळून टाकतो. सूर्य गेला की तो विरतो, आणि लहर आणखी वर जाऊन परतते. मी हे किती वेळा ऐकलंय ते सांगता येणार नाही, तरी अजून दर हिवाळ्यात एकदा खास त्यासाठी गच्चीवर बसतो.

रात्री धारवाड लावलंत तर आवाज मोठा होतो, बुडतो, परत येतो. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. भूलहर आणि वरून परतलेली आकाशलहर दोन्ही एकाच वेळी पोचतात, कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. सांगली मात्र स्थिर राहतं, कारण तिथून येणारी भूलहर फार जोरकस आहे.

या डी थराचा अभ्यास आपल्याच गावात झाला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १.९८ मेगाहर्ट्झचा रडार बसवला तो याच थराच्या आसपासचे वारे मोजायला. त्याच्या अँटेना आडव्या द्विध्रुवी आहेत, कारण त्याला सरळ वर पाहायचं असतं. आपल्याला क्षितिजाकडे पाहायचं आहे. फ्रिक्वेन्सी जवळपास तीच, काम वेगळं, म्हणून अँटेनाही वेगळी.

पायरी ४: लॅपटॉपवर हजार किलोमीटर

आता सर्वांत लांब लहरी. यासाठी रेडिओ लागतच नाही. ४८ किलोहर्ट्झने नमुने घेणारं साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पाहू शकतं, आणि कट्टबोम्मनचं १८.२ त्याच्या आत आहे.

एक मीटरची चौकोनी लाकडी चौकट करा, तिच्यावर बारीक इनॅमल तारेचे चाळीसेक वेढे घ्या आणि दोन्ही टोकं शिल्डेड केबलने माइकच्या सॉकेटला द्या. चौकट उभी ठेवा. तिची कड आग्नेय-दक्षिण दिशेकडे, म्हणजे तिरुनेलवेलीकडे रोखा. स्पेक्ट्रम लॅब हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की १८.२ वर एक पट्टा दिसेल. नौदलाचा मजकूर सांकेतिक असतो, त्याच्याशी आपल्याला काही करायचं नाही; आपण फक्त सिग्नलची ताकद मोजायची. चौकट थोडी पूर्वेकडे वळवली तर १९.८ वर ऑस्ट्रेलियातलं नॉर्थ वेस्ट केप मिळतं, सहा हजार किलोमीटरवरून.

इथे लहर जमीन आणि आयनांबर (वातावरणाचे वरचे विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीतून जाते, बोगद्यातून आवाज जावा तशी. दिवसा या बोगद्याचं छत साधारण ७० किलोमीटरवर असतं, रात्री ते ८५ च्या पुढे सरकतं. म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी आलेखात ठळक खड्डे पडतात. दिवसा सूर्यावर मोठी ज्वाला उठली तर छत अचानक बदलतं आणि काही मिनिटांत रेषा उडी घेते. कोल्हापुरातल्या एका खोलीत बसून सूर्यावरची घडामोड टिपता येते, यापेक्षा मोठं आमिष मी नवख्या माणसाला देऊ शकत नाही.

एक सावधगिरी: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. एलईडी बल्ब, सोलरचा इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, पंपाचा स्टार्टर, सगळे याच पट्ट्यात गोंगाट करतात. लाईट गेली की लगेच ऐकायला बसा. त्या अर्ध्या तासात तुमच्या जागेचा खरा आवाज कळतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाका. ऐकायला एक-दोन मीटरची अँटेना पुरते आणि पाठवायला दहा मीटरचीही अपुरी पडते, असं का? कारण या फ्रिक्वेन्सींवर आकाशातल्या विजांचा गोंगाटच एवढा असतो की अँटेना मोठी केली तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. ऐकताना अकार्यक्षम अँटेना खपते. पाठवताना प्रत्येक वॉट मोजावा लागतो. मात्र उभी आखूड तार थेट रिसीव्हरला जोडू नका. एक मीटरच्या तारेची धारिता जेमतेम १० पिकोफॅरड असते, म्हणजे १८ किलोहर्ट्झला जवळपास नऊ लाख ओहमचा अडथळा. मध्ये जे३१० सारख्या एफईटीचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) साधा बफर लागतोच.

पायरी ५: जागा निवडण्याआधी विहिरीत डोकावा

लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. व्हीएचएफवाला डोंगर शोधतो. तुम्ही ओल शोधा.

जमिनीतला प्रवाह वरच्या वितभर मातीतून वाहतो असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मध्यम प्रतीच्या वाहक जमिनीत १.८४ मेगाहर्ट्झचा प्रवाह साधारण पावणेचार मीटर खोल उतरतो, १३६ किलोहर्ट्झचा साडेतेरा मीटर, आणि १८ किलोहर्ट्झचा ३५ मीटरच्याही पुढे. म्हणजे वरची काळी माती कितीही चांगली दिसो, तिच्याखाली काय आहे हे महत्त्वाचं. आपल्या भागात वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण असा क्रम असतो आणि जाडी दर शेताला वेगळी. ती पाहायला यंत्र लागत नाही. शेजारच्या विहिरीत डोकावा. माती किती फुटांपर्यंत आहे, मुरूम कुठे लागला, एप्रिलमध्ये पाणी किती खाली जातं, हे सगळं विहिरीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. विहीर खोदलेल्या माणसाला विचारलंत तर तो बोटाने दाखवेल.

पंचगंगेच्या काठची गाळाची, बारमाही पाण्याखालची जमीन सर्वांत चांगली. करवीरच्या पूर्वेकडची सपाट काळी रानं चांगली. पन्हाळा, मसाई, गगनबावड्याकडचे जांभ्याचे सडे हिवाळा-उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत होतात, तिथला रोध फार वाढतो. पावसाळ्यात ते सुधारतात, पण तेव्हा विजा असतात.

जागेबद्दल आणखी तीन गोष्टी. महावितरणच्या तारेपासून अँटेनेच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहा. बांबू पडला तरी तारेवर पडता कामा नये, यात तडजोड नाही. झाडं आणि उंच ऊस अँटेनेला चिकटलेला नको, कारण ओला पाला विद्युत क्षेत्र खाऊन टाकतो. आणि गुऱ्हाळाच्या मोटारीपासून लांब.

पायरी ६: उभी तार, वरचं छत्र आणि कॉइल

बांबूच्या टोकापर्यंत १० मीटर तार सरळ वर न्या. वरच्या टोकाला दोन बाजूंना आठ-आठ मीटरच्या तारा आडव्या बांधा, इंग्रजी टीसारख्या. या आडव्या तारा फारशी लहर सोडत नाहीत, मग त्या कशाला? साध्या उभ्या तारेत प्रवाह तळाशी पूर्ण असतो आणि टोकाला शून्य होतो, म्हणजे वरचा अर्धा भाग जवळजवळ वाया. छत्र बांधलं की प्रवाहाला वर जायला जागा मिळते आणि उभी तार शेवटपर्यंत कामाला लागते. वर दिलेल्या मापांत १.८४ मेगाहर्ट्झचा उत्सर्जन रोध १.५ वरून सुमारे ३.८ ओहम होतो. तेवढ्याच नुकसानीत १०० तले ७ वॉटांऐवजी १६ वॉट बाहेर पडतात. सोळा मीटर तारेत शक्ती दुपटीच्या वर जाते, एवढी स्वस्त सुधारणा दुसरी नाही. जागा नसेल तर तारा थोड्या उतरत्या बांधा, पण फार खाली आणू नका. खाली येणारी तार उभ्या तारेचंच काम खोडते.

ही अँटेना आता साधारण १५० पिकोफॅरडच्या कंडेन्सरसारखी वागते. तिला सुरात आणायला, म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायला, १.८४ मेगाहर्ट्झला ५० मायक्रोहेन्रीची कॉइल लागेल. ११० मिलिमीटरच्या पाइपवर, दोन वेढ्यांत तारेएवढं अंतर सोडून, साधारण वीस वेढ्यांत ती होते. तीस घ्या आणि दर दोन वेढ्यांवर इनॅमल खरवडून टॅप (मध्येच तार जोडायची जागा) काढा. खालचं टोक जमिनीच्या तारांना, वरचा योग्य टॅप अँटेनेला, आणि ५० ओहमची केबल जमिनीपासून काही वेढे वर.

कॉइलवर कंजूषपणा करू नका. माझी पहिली कॉइल एका दुकानातून तयार आणली होती, बारीक तारेची, वेढ्याला वेढा चिकटलेली. दहा मिनिटांत पाइप मऊ पडला. ती शक्ती हवेत जायला हवी होती.

५० वॉट दिले तरी या कॉइलच्या वरच्या टोकाला आठशेच्या वर व्होल्ट येतात. १३६ किलोहर्ट्झवर तर १०० वॉटांना हजारोंच्या घरात. उच्च फ्रिक्वेन्सीचा चटका आतपर्यंत भाजतो. कॉइल झाकणाच्या डब्यात ठेवा, तळाभोवती कुंपण करा, आणि मळ्यात लहान मुलं आणि जनावरं येतात हे विसरू नका.

पायरी ७: जमिनीखालची अर्धी

नुसता अर्थिंगचा रॉड ठोकून काम होत नाही. वीज अंगावर येऊ नये म्हणून तो हवाच, पण अँटेनेचा परतीचा प्रवाह चारी बाजूंनी येतो आणि एका रॉडला तो गोळा करता येत नाही. १९३७ साली ब्राउन, लुईस आणि एपस्टीन या तिघांनी अमेरिकेत ११३ तारांपर्यंत मोजमापं करून हा प्रश्न सोडवला, आणि प्रक्षेपण केंद्रांना १२० तारा घालायची रीत तिथूनच पडली.

आपल्याला एवढं नको. १६ तारा, प्रत्येकी १० मीटर, अँटेनेच्या तळापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या. तार मर्यादित असेल तर थोड्या लांब तारांपेक्षा जास्त आखूड तारा घाला. आखूड अँटेनेचा प्रवाह तळाजवळच दाटलेला असतो. बोटभर खोल पुरल्या तरी चालतात. पण नांगर आणि रोटाव्हेटर त्यांचे तुकडे करतात, म्हणून शक्यतो अँटेना बांधाच्या कोपऱ्यावर घ्या आणि जेवढ्या तारा बांधावरून नेता येतील तेवढ्या न्या. उघडी तांब्याची तार चोरीला जाते. इन्सुलेटेड जुनी वायर कोणी नेत नाही आणि कामाला तितकीच चांगली.

पायरी ८: मोजा, आणि एसडब्ल्यूआरच्या मोहात पडू नका

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते ते सांगणारा आकडा; १ च्या जितका जवळ तितकी जुळणी चांगली. नॅनोव्हीएनए अँटेनेच्या तळाशी, कॉइलसह पण केबलच्या टॅपशिवाय, एकामागे एक जोडा. सुरात आल्यावर जो शुद्ध रोध दिसतो तो सगळ्याची बेरीज: उत्सर्जन, जमीन, कॉइल. उत्सर्जनाचा भाग आपल्याला माहीत आहे, ३.८. बाकी सगळं नुकसान.

चार तारांवर आकडा लिहा. आठ केल्या की परत. मग बारा, सोळा. आकडा उतरत जाईल आणि एका टप्प्यावर थांबेल. मळ्यात माझा आकडा सोळा तारांवर २४ ओहमच्या आसपास थांबला. पठारावर चार तारांवर तो ५० च्या जवळ होता, आणि तिथे मी खूश झालो होतो, कारण ५० ओहमच्या केबलशी तो चपखल जुळत होता, एसडब्ल्यूआर १.१!

हाच सापळा. वाईट जमिनीचा मोठा रोध एसडब्ल्यूआर मीटरला आवडतो. तुम्ही तारा वाढवता, अँटेना सुधारते, आणि मीटरवरचा आकडा बिघडतो. अशा वेळी घाबरून तारा काढणारे मी पाहिलेत. रोध कमी होऊ द्या, मग कॉइलवरच्या टॅपने केबल जुळवून घ्या.

पावसानंतर, आणि ऊस कमरेवर आला की परत मोजा. सूर काही किलोहर्ट्झ सरकलेला असतो.

पायरी ९: परवाना आणि वेळ

ऐकायला परवाना लागत नाही, पाठवायला लागतो. हौशी केंद्रचालकाची परीक्षा आणि परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे आहे, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो स्कॅन करून तयार ठेवा; नाव सगळीकडे अक्षरशः सारखं असू द्या, बापाच्या नावाचं एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी अर्ज अडतो. २००७ च्या जागतिक परिषदेत १३६ किलोहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा हौशींना १ वॉट उत्सर्जनाच्या मर्यादेत मिळाला, पण तुम्ही फक्त तुमच्या परवान्याच्या तक्त्यात छापलेल्या पट्ट्यातच पाठवू शकता. सुरुवात १६० मीटरवरूनच करा.

वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्तानंतर किंवा पहाटे. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग बेळगावकडून उठायला लागले की शेकडो किलोमीटरवरच्या विजाही कानात फुटतात, आणि आपल्या डोक्यावर ढग आला तर अँटेना केबलपासून सोडवून जमिनीला जोडायची आणि घरी जायचं. निरभ्र दुपारीसुद्धा निघताना हे करायची सवय ठेवा.

शेवटचं एक काम ऊसतोडीच्या वेळचं. टोळी येण्याच्या आदल्या दिवशी सोळाही तारा गुंडाळून काढा आणि प्रत्येकीच्या टोकाला बांधावर खुंटी ठोकून ठेवा. पाचट पेटवलं की वर उघड्या पडलेल्या तारेचं इन्सुलेशन वितळतं, आणि फडात गाडी वळली की चाकाला तार गुंडाळली जाते. खुंट्या असल्या की खोडव्याला पहिलं पाणी दिल्यावर, माती मऊ असताना, तासाभरात सगळ्या तारा परत जागेवर बसतात.